निळ्या मास्कखालचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. निळा, जाड कापडाचा, कानामागे करकचून बसणाऱ्या इलॅस्टिकचा. साथीच्या काळात माझ्या भाऊबंदांचा फार मान झाला, असे मी ऐकतो. मी साथ सरल्यानंतर जन्मलो. मान माझ्या वाट्याला आला नाही.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवतात. तिथे मुलांच्या पँटी कापून उरलेल्या तुकड्यांतून मला शिवले. ते कापड घाम पीत नाही. बाईच्या गालावर दिवसभर बांधण्यासाठी ते विणलेच नव्हते. पण टॉवेलच्या एका कारखानदाराला मास्क स्वस्तात हवे होते आणि सगळे एका रंगाचे हवे होते. परगावचे मोठे गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होते ना!

मी रेश्माला मिळालो. ती माळशिरसकडची, लग्न होऊन शहरात आलेली. टॉवेलच्या कडा शिवायचे तिचे काम. त्या खात्यात सुताची बारीक धूळ सतत उडते. मी आल्यावर तिचा खोकला कमी झाला. तिने तसे घरी नवऱ्याला, जोतीरामला, सांगितले. माझे कौतुक झाले ते तेवढेच.

मग एप्रिल लागला. पत्र्याखाली जीव उकडून निघायचा. घाम माझ्या आत साचायचा, धूळ त्याला चिकटायची आणि रेश्मा बोलली की मी तिच्या नाकावर, गालांवर घासला जायचो. मी एकटाच, दुसरा मास्क नाही. धुतलेला मी पुरता वाळायच्या आत पुन्हा तिच्या तोंडावर चढायचो. नाकाच्या दांड्यावरची कातडी सोलली. गालांवर पुरळ उठले.

तिने मुकादमाकडे, गुरुशांतकडे, आणखी एक मास्क मागितला. तो म्हणाला, "एकीला दिला की समद्या मागत्यात. जमत नसलं तर घरी बसा."

ती मशीनवर परतली. शेजारच्या मशीनवर अक्कलकोटकडची नागव्वा होती. तिने चांगल्या मनाने एक मलम सुचवले. औषधाच्या दुकानात ते मागितले की मिळायचे, चिठ्ठी लागत नव्हती. रेश्माने लावले आणि थोड्याच दिवसांत पुरळ गेले. वर चेहरा गोरा दिसू लागला. सून आल्यापासून जिच्या तोंडून चांगला शब्द निघाला नव्हता ती सासू, सारजाबाई, म्हणाली, "लई उजाळलीस की गं."

त्या एका वाक्यासाठी रेश्मा ते मलम रोज लावत राहिली. सकाळी लावायची आणि वरून मला बांधायची.

पावसाळा संपेपर्यंत तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. लाल शिरा दिसू लागल्या. चुलीपुढे बसले तरी गाल पेटायचे. एक दिवस मलम चुकले तर तोंड सुजायचे, म्हणून ती पुन्हा लावायची. तिची लहान मुलगी सोनाली रोज आईच्या गालाला गाल लावायची. एका संध्याकाळी रेश्मा वेदनेने कळवळली आणि तिने पोरीला ढकलले. त्यानंतर सोनाली लांब उभी राहून विचारायची, "आई, हात लावू का?"

मग रेश्मा मला घरातही बांधू लागली.

शेवटी जोतीरामने तिला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी मलमाची ट्यूब बघितली आणि त्यांचा आवाज चढला. "मास्कमुळे पुरळ आलं होतं, ते बरं झालं असतं. चेहरा या मलमानं बिघडलाय. यात स्टेरॉइड आहे." ते कसे कमी करत बंद करायचे, हे त्यांनी सांगितले. साध्या पाण्याने तोंड धुवून, ते ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावायचे, ते मुरल्यावरच मास्क घालायचा. नाकावर आणि कानामागे थोडे व्हॅसलीन. मास्क मऊ सुती हवा, आणि ओला झाला की बदलायचा.

घरी आल्यावर सारजाबाईने आपले जुने मऊ, फुलाफुलांचे लुगडे फाडले. त्याचे मास्क झाले.

गुरुशांतला तो फुलाफुलांचा मास्क खपला नाही. रेश्मा म्हणाली, "त्वांड माजं हाय, सायेब. सोलतंय ते माजंच." तो थोडा नरमला. पण पाहुणे येतील त्या दिवशी निळाच पाहिजे, असे बजावून गेला.

पाहुणे आले. तिने सुती मास्कवर मला बांधले. साऱ्या बायकांना ओळीने उभे करून फोटो काढला. तो आता ऑफिसात टांगला आहे आणि त्याखाली लिहिले आहे, 'आमचे कामगार, आमचे कुटुंब'. फोटोत मी अगदी सरळ बसलो आहे. माझ्या मागे काय होते, हे पाहुण्यांनी विचारले नाही. त्या 'कुटुंबा'नेही नाही.

रेश्माचा चेहरा पुष्कळ सुधारला आहे. नाकाजवळच्या लाल शिरा मात्र कदाचित जाणार नाहीत, असे डॉक्टरबाई म्हणतात. आता जळत नाही, असे ती सोनालीला सांगते. सोनाली तरी आधी विचारतेच.

मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी मास्क बांधून कामाला जात असेल, तर त्यांच्या पिशवीत दुसरा धुतलेला सुती मास्क ठेवा. कोणी दिलेले मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना लावू देऊ नका. आणि संध्याकाळी घरी येऊन ते मास्क काढतील, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघा. दिवसभरात तेवढे एक कोणीच केलेले नसते.