पांढरा झगा, काळा झगा

आमच्या चित्रकथांच्या स्टुडिओत झॅलोरची चित्रं सॉल लिप्स्की काढायचा आणि पात्रांच्या तोंडचे संवादांचे फुगे मी भरायचे. झॅलोर म्हणजे एक लंगडा घड्याळजी. चेटकिणीने दिलेला मणी मुठीत धरून मंत्र पुटपुटला, की पांढऱ्या झग्यात न्यूयॉर्कवर उडायला लागायचा. मासिक दणकून खपत होतं.

एका सकाळी स्टुडिओचे मालक केसलरसाहेब म्हणाले, "आता याला तोडीस तोड खलनायक हवा. तीच चेटकीण, तोच मंत्र, तेच थोबाड. फक्त झगा काळा. नाव रोलॅझ."

"पण तो वाईट का?" सॉलने विचारलं.

"का म्हणजे? खलनायक आहे म्हणून!"

सॉलच्या गळी ते उतरेना. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "फ्रीडा, हा भिंती फोडतो, तोही फोडतो. हा माणसं भिरकावतो, तोही भिरकावतो. मग मी वेगळं काढू काय?"

"कपाळावर आठ्या घाल."

"त्या झॅलोरलाही आहेत गं."

शेवटी त्याने दोघे हुबेहूब सारखे काढले. शाई भरणाऱ्या गसला छपाईची घाई. पाचव्या पानापासून त्याने झग्यांची अदलाबदल करून टाकली. फुग्यांत दोघंही 'आता तुझी खैर नाही!' एवढंच ओरडत होते, त्यामुळे मलाही कळलं नाही. अंक बाजारात आला तेव्हा पांढऱ्या झग्याने पुलावरून आगगाडी ढकलली होती आणि काळ्याने ती झेलली होती.

केसलरसाहेबांनी थयथयाट केला. सॉल मला ओढत कोपऱ्यावरच्या पिंकसबाईंच्या दुकानात घेऊन गेला. "पोरं काय म्हणतात, बाई?"

"म्हणतात, त्या पांढऱ्याचा आम्हाला पहिल्यापासून संशय होता," गोळ्यांच्या बरण्या पुसत बाई म्हणाल्या. "सगळे अंक संपले. आणखी आहेत का रे?"

सॉल मटकन स्टुलावर बसला. सोडा मागवला आणि प्यायलाच नाही.

परत आल्यावर साहेबांनी शाई भरण्याआधीची पेन्सिलीची पानं त्याच्यापुढे आपटली. "यातला झॅलोर कुठला, खूण कर."

सॉलने एकावर बोट ठेवलं. उचललं. दुसऱ्यावर ठेवलं. "साहेब, काढलेत मीच... पण सांगता येत नाही."

मला वाटलं गंमत करतोय. पण त्याचे कान लालबुंद झाले होते.

साहेबांनी रोलॅझला मिशी चिकटवली, मालिका गसला दिली आणि सॉलला हंसिणीची आणि कोल्ह्याची गोष्ट काढायला बसवलं. सॉल खुलला. काम करताना शीळ घालायला लागला. मला हायसं वाटलं.

मग एका दुपारी सँडविच खायचं सोडून तो कागद घेऊन आला. "फ्रीडा, या कोल्ह्याला भूक लागलीय."

"बरं मग?"

"मग हा वाईट कसा?"

"सॉल, पुन्हा नको रे बाबा!"

तो हलेना. मी त्याला खुर्ची सरकवून दिली. बराच वेळ आम्ही दोघं त्या कोल्ह्याकडे बघत बसलो.