मीठ न लागलेला पेला

मी तांब्याचा पेला बोलतोय. तांबटाच्या हातोडीखाली जन्मलो, कुणाच्या तरी लग्नात भेट गेलो आणि फळीवर मागे पडलो. मला भाव आला तो माझी मालकीण मला देवापुढे ठेवून नवस बोलली त्या दिवसापासून.

तिची सहा वर्षांची लेक तीन आठवडे तापाने फणफणली होती. पोटात काही ठरेना; ठरलं ते फक्त माझ्यातलं साखरपाणी. तेव्हा ही माउली हात जोडून म्हणाली, "देवा, पोर उठून बसू दे. या पेल्याला जन्मात मिठाचा कण लागू देणार नाही."

पोर उठून बसली. बाईने शब्द पाळला. बाकीची माणसं तांबं लिंबू-मिठाने घासतात. ती मला नुसत्या लिंबाने घासायची, मनगट दुखलं तरी.

लेक मोठी होऊन शाळेत विज्ञान शिकवू लागली. दर शनिवारी एक तास प्रयोगांचा. पण मुख्याध्यापिकाबाईंना तो तास गणिताला हवा होता. "या शनिवारी मी स्वतः येऊन बसते," त्या म्हणाल्या, "प्रयोग जमला तर तास तुमचा."

कडाक्याची थंडी होती, म्हणून लेकीने थंडीचेच प्रयोग ठरवले. पेल्यावर हिम धरवायचं होतं, त्याला पातळ धातूचं भांडं हवं. घरातले बाकी पेले काचेचे, शाळेतले प्लॅस्टिकचे. उरलो मी.

"आई, नेऊ का? मीठ घालणार नाही. थंडी एवढी आहे, नुसत्या बर्फावर भागेल."

"ने की. बर्फ मी आणते. सायकलवर तुला दोन्ही जमायचं नाही."

रात्री अंगणात ठेवलेल्या पाण्याच्या ताटात पहाटेपर्यंत बर्फ जमला होता. तो फडक्याखाली झाकून माउली शाळेत आली आणि दाराशी बसली.

पहिला प्रयोग झकास झाला. बर्फाच्या तुकड्यावर दोरा ठेवला, वर चिमूटभर मीठ भुरभुरवलं, आणि जरा वेळाने दोरा उचलला तर तुकडाही वर आला. मग माझी पाळी. माझ्यात बर्फ भरला. चाळीस मुलांच्या श्वासांनी वर्ग दमट झालेला. माझ्या अंगावर थेंब जमले आणि ओघळू लागले.

"बाई, पेला रडतोय," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. "हे तर माझ्या चष्म्यावर रोज सकाळी होतं. हिम कुठाय?"

लेकीने मिठाच्या वाटीकडे पाहिलं. हात पुढे गेला, मागे आला. बर्फात मीठ मिसळलं की गारवा आणखी उतरतो, हे तिला पाठ होतं. पण आईच्या शब्दाचं ती चारचौघांत बोलेना. "जमलं नाही," एवढंच हळू म्हणाली.

तेवढ्यात दाराशी बसलेली माउली उठली. तिने मला पदराने कोरडं पुसलं, डोळे मिटून क्षणभर उभी राहिली.

"आई, नको."

"अगं, तू जगावीस म्हणून शब्द दिला होता. तुझीच वाट अडवायला तो कशाला धरून ठेवू? देवाला मी सांगते. दोष लागला तर मला लागू दे."

तिने मूठभर मीठ स्वतःच्या हाताने माझ्यात घातलं आणि चमच्याने ढवळलं. खरं सांगतो, मी थरथरलो. इतका गारठा मी कधी सोसला नव्हता.

"आता एकेकाने हळूच फुंका रे," लेक म्हणाली.

मुलं फुंकत गेली. त्यांचा उबदार श्वास माझ्या अंगावर येऊन गोठत गेला, आधी धुरकट, मग पांढरा, मग बोटाने नाव लिहावं इतका दाट. मुख्याध्यापिकाबाई शेवटी उठल्या आणि त्यांनीही एक फुंकर घातली.

"दर शनिवारी बर्फ मी आणीन," माउली म्हणाली. "मोडल्या नवसाच्या बदल्यात."

"म्हणजे तास चालूच राहणार, हे तुम्ही धरूनच चाललात."

"देवावर भरवसा आहे, बाई. तुमच्यावरही."

त्या हसल्या, आणि तास राहिला.

आता मी वर्गाच्या कपाटात असतो. मिठाने माझ्या अंगावर हिरवट डाग पडलेत. घासूनही पुरते जात नाहीत. देवघरातली जागा गेली, पण चाळीस मुलांचे श्वास अंगावर झेलायचं भाग्य सगळ्याच भांड्यांना कुठे मिळतं?

तुमच्याही घरी असं एखादं जपून ठेवलेलं भांडं असेल. माझं ऐकाल का? एखाद्या थंडीत, देवाला सांगून, ते जवळच्या शाळेत नेऊन द्या. डाग पडले तर पडू द्या.