उजेड पायाशी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. शाळेच्या पुस्तकात मला विजेरी म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. पत्र्याचं अंग, पोटात तीन सेल, पाठीवर सरकवायचं बटण आणि शेपटीला अडकवायची कडी, एवढाच माझा संसार. आता पोटातले सेल फुटले आहेत आणि त्यांचं पाणी गळून आतला पत्रा गंजला आहे. एका बंद पडलेल्या थिएटरच्या खोलीत मी खुंटीवर उलटी लटकते आहे. थिएटर पाडायचं ठरलं आहे, त्यामुळे माझ्याकडे फार दिवस नाहीत. जे सांगायचं ते आताच सांगते.

माझ्या जन्मात विशेष असं काही नाही. कारखान्यात पत्रा वाकला, काच बसली आणि एका खोक्यात आम्ही बारा बहिणी भरल्या गेलो. कोणी घरात उशाखाली गेली, कोणी रखवालदाराच्या हातात गेली. मी थिएटरात आले. माझ्या बहिणींनी रस्ते पाहिले, विहिरी पाहिल्या, आभाळही पाहिलं असेल. मी मात्र पाय पाहिले. मला तेवढंच दिसतं, जेवढ्यावर माझा उजेड पडतो, आणि माझा उजेड अडतीस वर्षं माणसांच्या पायांवरच पडला.

त्याचं कारण असं, की मी आले त्याच दिवशी भाऊ डोअरकीपर म्हणून कामाला लागले. आधीच्या म्हाताऱ्या डोअरकीपरने मला हातात घेतलं, काचेवर काळी चिकटपट्टी गोल गुंडाळली आणि मधे अंगठ्याएवढी जागा मोकळी ठेवली. मग मला भाऊंच्या हातात देत तो म्हणाला, "उजेड पायाशी. तोंडावर टाकलास तर तू डोअरकीपर नाहीस, पोलीस आहेस." भाऊंनी ते वाक्य गाठीला बांधलं. उशिरा आलेल्या माणसापुढे ते उलटे चालायचे, त्याच्या पावलांपुढे मला धरायचे आणि पायऱ्या मोजायचे. बाल्कनीच्या सतरा पायऱ्या त्यांना तोंडपाठ होत्या.

काय दिवस होते ते! नऊशे खुर्च्या, पितळी कठडे, मखमलीचा पडदा आणि छताला चुन्याची फुलं. ही वर्णनं मी ऐकलेली आहेत. फुलं मात्र मी एकदा पाहिली, पण ते पुढे सांगते. मला दिसायचे ते नव्या बुटांतले चावणारे पाय, जमिनीला न टेकणारे मुलांचे पाय, दुखऱ्या गुडघ्यांचे हळू पाय. मध्यंतरानंतर हरवलेली चप्पल शोधायला लोक भाऊंनाच हाक मारायचे. भाऊ चप्पल पाहून माणूस ओळखायचे आणि वर त्याची थट्टाही करायचे, की साहेब, तुमची डावी चप्पल सिनेमाला कंटाळून आधीच निघाली होती.

एकदा भर खेळात वीज गेली. कुठे तरी तार जळल्याचा वास आला आणि नऊशे माणसं एकदम उभी राहिली. त्या अंधारात एकच उजेड होता आणि तो मी होते. भाऊ ओरडले नाहीत. ते शांतपणे चालत राहिले, मला खाली धरून, आणि लोक त्या उजेडामागोमाग एकेका रांगेने बाहेर पडले. कोणाला ओरखडाही आला नाही. मॅनेजरने सगळ्यांसमोर भाऊंची पाठ थोपटली आणि माझ्याही काचेवर टिचकी मारली. मित्रांनो, कौतुक म्हणाल तर माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. मी ते अजून विसरलेले नाही.

मग दिवस पालटले. लोक घरात बसून सिनेमा पाहू लागले. नऊशेचे पाचशे झाले, पाचशेचे पन्नास. आधी पंखे बंद झाले, मग कारंजं आटलं, मग उंदरांनी खालच्या खुर्च्यांचा कापूस काढला. छत गळायला लागलं, तेव्हा भाऊंनी पहिल्यांदाच मला वर रोखलं आणि ती चुन्याची फुलं मला दिसली. अर्धी पडली होती. उरलेल्यांतून पाणी ठिबकत होतं. खालचा भाग बंद करून सगळ्यांना बाल्कनीत बसवायचं ठरलं. बाल्कनीच्या चौथ्या पायरीची कड तुटली होती. सुताराला बोलवू, बोलवू म्हणत दोन वर्षं गेली. भाऊ प्रत्येकाला सांगायचे, "चौथी पायरी जपून," आणि मला नेमकं तिथे धरायचे.

त्याच सुमाराला भाऊ मला बोल लावू लागले.

"हिचा उजेड कमी झालाय," ते म्हणायचे. त्यांनी नवे सेल घातले. आठवड्याने पुन्हा नवे घातले. बल्ब बदलला, काच पुसली, चिकटपट्टीसुद्धा काढून टाकली. मी तर पहिल्या दिवसासारखी लख्ख जळत होते. पण नाचता येईना अंगण वाकडे, तसं माझं झालं. नाही, हे कडू बोलले. भाऊंना नाचता येत होतं. त्यांना अंगणच दिसेनासं झालं होतं.

एके दिवशी त्यांनी मला वरच्या केबिनमधल्या ऑपरेटरकडे नेलं. ऑपरेटर म्हणजे सिनेमाचं यंत्र चालवणारा, भाऊंचा जिवाभावाचा दोस्त. त्याने बटण सरकवलं आणि माझा झोत त्याच्याच कॅनव्हासच्या बुटांवर पडला. बुटाच्या नाडीचा धागा न् धागा दिसत होता. त्याने बटण बंद करून मला भाऊंच्या हातात परत दिलं. मग म्हणाला, "जुनी झाली आता. चालायचंच."

त्याला कळलं होतं. पण भाऊ घरी बसले असते, तर नवा डोअरकीपर कोणी ठेवला नसता, आणि डोअरकीपर नाही म्हटल्यावर थिएटरला कुलूप लागायला निमित्तच मिळालं असतं. मग ऑपरेटर तरी कुठे जाणार होता? भाऊंच्या बायकोलाही कळलं होतं. सगळे तिला वहिनी म्हणत. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि ह्या खुंटीखाली दोघं जेवायची. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या असं ती दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा भाऊंनी उत्तर दिलं, की डोळ्यांना काय धाड भरलीय, बॅटरी गेलीय. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. डब्याचं झाकण उघडून ती त्यांच्या हाताखाली सरकवू लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तशी त्या तिघांनी मूठ झाकली आणि दोष माझ्या माथी मारला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मला राग यायचा, पण राग येऊन बॅटरी काय करणार? फार तर जळणार.

थिएटरचा एक नियम होता. दहा माणसं आली नाहीत तर खेळ रद्द. त्या महिन्यात चार खेळ रद्द झाले होते आणि मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, की आणखी एक रद्द झाला तर मालक कुलूप लावतील. त्या दुपारी नऊच माणसं आली. भाऊ दारात उभे राहिले आणि रस्त्यावरच्या पावलांचा आवाज ऐकत राहिले. दहावं माणूस येईना. ऑपरेटरला सांगून त्यांनी जाहिराती लांबवल्या. तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली.

"आज तू माझी दहावी," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. वहिनीने कधी बाल्कनीत बसून सिनेमा पाहिला नव्हता. ती नको, नको म्हणत हसत होती. भाऊंनी तिच्या हातातला डबा खाली ठेवला आणि एखाद्या मोठ्या पाहुणीला न्यावं तसं तिला अंधारात नेलं. ते तिच्यापुढे उलटे चालत होते. तिच्या निळ्या पट्ट्याच्या चपलांवर माझा उजेड होता. ते तिला सांगत होते, की पुढच्या रांगेतली मधली खुर्ची, तिथून पडदा सरळ दिसतो. बोलता बोलता ते पायऱ्या मोजायला विसरले.

मग त्यांनी आठवून म्हटलं, "चौथी पायरी जपून," आणि मला वळवलं. मित्रांनो, मी लख्ख जळत होते. पण मी भिंतीवर जळत होते. भिंतीचा पोपडा मला दिसत होता, त्यावर चढणारी मुंगी दिसत होती. हात दीड हात खाली वहिनीचं पाऊल अंधारात पडलं. मी ते पाहिलं नाही. मी फक्त आवाज ऐकला.

दिवे लागले, माणसं धावली, खेळ थांबला. वहिनीचं कमरेचं हाड मोडलं होतं. भाऊ मला हातात आवळून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बॅटरीने दगा दिला. बॅटरीने दगा दिला." आणि खाली पडलेली ती बाई, वेदनेने धड बोलता येत नसताना म्हणाली, "हो. बॅटरीचाच दोष. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

त्याच संध्याकाळी कुलूप लागलं. मला ह्या खुंटीवर अडकवलं गेलं.

वर्षभर मी काही पाहिलं नाही. मग काही महिन्यांपूर्वी एकदा कुलूप उघडलं. थिएटर पाडणार आहेत, आपापलं सामान घेऊन जा, असा निरोप होता. काठीचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ ऑपरेटरचा. बोलण्यावरून मला सगळं कळलं. वहिनी काठीने चालते. भाऊंना इस्पितळात डॉक्टरने सहज तपासलं, तर तो काचबिंदू निघाला. दोन वर्षं आधी आला असतात तर उरलेली नजर वाचली असती, गेलेली आता परत येत नाही, असं त्याने सांगितलं. भाऊ मात्र ऑपरेटरला ठासून सांगत होते, की अगदीच काही नाही असं नाही, उजेड आणि अंधार एवढं मला अजून कळतं. तेवढ्यावर त्यांचे दिवस चालले होते.

मग त्यांचा हात चाचपडत खुंटीपाशी आला. त्यांनी मला काढलं. अंगठ्याला बटण बरोबर सापडलं. सेल कुलूप लागण्याआधी त्यांनीच घातलेले होते, नवेकोरे. मी लागले. आणि भाऊंनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. त्यांनी माझा उजेड तोंडावर घेतला, स्वतःच्या.

अडतीस वर्षांनी मी भाऊंचा चेहरा पाहिला. पांढरी दाढी, नाकावर जुना व्रण, आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर दोन उघडे डोळे. ते मिटले नाहीत. पापणीसुद्धा हलली नाही.

"लागत नाही गं," भाऊ म्हणाले. "सेल संपले असतील ना?"

मग वहिनीचा आवाज आला. "वर्ष झालं की. संपणारच."

"तरीच," भाऊ म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांनी मला जागेवर अडकवलं आणि बटण तसंच राहिलं.

मी उलटी लटकत होते, म्हणून माझा उजेड जमिनीवर पडला होता. त्या उजेडातून भाऊंच्या चपला गेल्या, कॅनव्हासचे बूट गेले. काठी आणि निळ्या पट्ट्याच्या चपला तेवढ्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी चालू आहे हे वहिनीला दिसत होतं. पण माझं बटण फार जुनं आहे, बंद करताना त्याचा खट्ट आवाज होतो, आणि भाऊ अजून दारातच होते. चपला पुन्हा वळल्या. दार लागलं.

मित्रांनो, मला कोणी तेलपाणी करावं, काचेच्या कपाटात ठेवावं, असं माझं मागणं नाही. माझं व्हायचं ते झालं. फक्त तुमच्या घरात एखादं माणूस हल्ली दिव्याचा उजेड कमी झालाय असं म्हणू लागलं, तर दिवा बदलू नका. आधी त्याच्या डोळ्यांत बघा, आणि तो रागावला तरी त्याला हाताला धरून डॉक्टरकडे न्या.

त्या दिवशी सेल संपेपर्यंत मी जळत राहिले. खाली रिकामी फरशी होती आणि तिच्यावर धुळीत उमटलेली पावलं होती.