बिभीषणाच्या ओंजळीतल्या बांगड्या

केशरबाई अंबाजोगाईच्या दवाखान्यात सुईणपण शिकून सिरसाळ्याला परतली, तेव्हा गावच्या सुइणींनी तिला कौतुकानं घेरलं. कौतुक टिकलं किती? चुलीवरचं पाणी उकळेपर्यंत.

अंगणात लिंबाखाली तिनं सगळ्यांना बसवलं. नखं कापा म्हणाली, कापली. नाळ कापायचा विळा उकळत्या पाण्यात टाका म्हणाली, नाकं मुरडत का होईना, टाकला. मग म्हणाली, "आता बांगड्या उतरवा आन कोपरापतुर हात साबणानं धुवा. बांगडीखाली घाण बसती. ती नाळेला लागली की लेकरू दगावतं."

झालं! जणू कुणी अंगणात साप सोडला. सवाष्णीनं बांगड्या उतरवायच्या? नवरा जिता असताना?

"अगं भवाने, माझा लेक धडधाकट हाय अजून!" चतुराबाई कडाडली. ही केशरची सासू, नवऱ्यामागं उघड्या हातांनी वावरणारी, आणि सगळ्या सुइणींत मोठी. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. "सरकारनं तुला लेकरं काढाय शिकिवलं का नवरा माराय?"

"बांगडी उतरवून नवरा मरत न्हाई, आत्याबाई. लेकरं मात्र मरत्यात."

सुइणी पदर झटकून उठल्या. जाता जाता सत्यभामा तेवढी कुजबुजली, "खरं असंल बाई तुझं, पर माझ्याच्यानं हुणार न्हाई."

केशरचं डोकं भणाणलं. तिला काही अख्खं गाव सुधारायचं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढं एकच होती, नणंद रुक्मिणी. रुक्मिणीची पहिली दोन्ही बाळं आईच्या, म्हणजे चतुराबाईच्याच हातावर झालेली. चांगली टपोरी लेकरं, पण आठवड्याच्या आत दोघांचेही जबडे आवळले, अंगं ताठ झाली. बारसं एकाचंही झालं नाही. गाव म्हणालं, सटवीनं नेली. दवाखान्यातल्या बाईनं हेच दुखणं शिकवलं, तेव्हा केशर सगळ्यांदेखत रडली होती. आता रुक्मिणी तिसऱ्या खेपेला माहेरी आली होती. हेही लेकरू मातीत घालायचं? मुळीच नाही!

एका दुपारी रुक्मिणीला कळा सुरू झाल्या. केशर ऊन पाण्याचं घमेलं घेऊन आली, तर दारात चतुराबाई हात आडवे लावून उभी. मागं साऱ्या सुइणी.

"बांगड्या हातात ठिवून आत ये, न्हाईतर माघारी फिर. माझ्या लेकाच्या जिवावर बाळंतपण न्हाई हुणार."

केशरनं घमेलं खाली ठेवलं. ओट्यावर तिचा नवरा बिभीषण बसला होता, आईपुढं ब्र न काढणारा. तिनं मनगटांना साबण चोळला आणि एकेक बांगडी उतरवून त्याच्या ओंजळीत टाकली.

"धरा. तुमाला भ्याव वाटत असंल तर आत्ताच सांगा."

बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. बिभीषणानं आईकडं न बघता ओंजळ छातीशी धरली. "जा तू. मला काई धाड भरत न्हाई."

चतुराबाई मात्र हलेना. तेवढ्यात आतून रुक्मिणी ओरडली, "आये, सोड तिला आत! दोन तुझ्या हातानं गेली माझी!"

चतुराबाईचे आडवे हात गळून पडले. केशर कोपरापर्यंत हात धुऊन आत गेली, आणि उकळलेल्या विळ्यानं नाळ तिनंच कापली. मुलगी झाली.

पुढं घरात कुणी धड जेवलं नाही. चतुराबाई सारखी नातीचा जबडा चाचपून बघायची, पण आधी हात धुवायची. बारशाच्या दिवशी पोरीनं पाळण्यात चांगलं भोकाड पसरलं, आणि आजीला रडू आवरेना.

सुइणीही आल्या होत्या. "पोर वाचली, लई बरं झालं," एक म्हणाली, "पर आमी न्हाई बाई बांगड्या उतरवणार."

चतुराबाई ताडकन उठली. आपले उघडे हात तिनं सगळ्यांच्या तोंडापुढं धरले.

"हे बघा! मी सवाष्ण व्हते तवर एक दिस बांगडी उतरवली न्हाई. तरी कुंकवाचा धनी गेलाच. आन ह्याच न धुतल्या हातानं माझी दोन नातवंडं गेली. आता कावून भेता?"

मग सत्यभामा पदर खोचून उठली. "केशर," ती म्हणाली, "साबण कुठं हाय गं?"