वजाचं चिन्ह

स्पर्धेच्या पहिल्या फेरीची शिट्टी वाजली आणि पुढे जायचा तो रोबो सरळ मागे पळाला. लाकडी कठड्यावर आदळून त्याचा हात निखळला. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"आज्जे, काय केलंस हे?" कॅप्टन ओरडला.

प्रोग्राम लिहिणारी ती मुलगी चौदा वर्षांची. प्रत्येक गोष्ट तीनतीनदा तपासते म्हणून सगळी तिला आज्जी म्हणत. वर्षभर तिला या रोबोखेरीज दुसरं काही सुचलं नव्हतं.

कठड्याबाहेर उभ्या काकांना मात्र चूक कुणाची ते लगेच कळलं. काका संघाचे मार्गदर्शक. तीस वर्षं वायरमन म्हणून काढलेली. मोठ्यांनी रोबोला हात लावला तर संघ बाद, हा इथला नियम त्यांना तोंडपाठ होता. पण फेरीआधी मुलं जेवायला गेली, मोटरच्या लाल-काळ्या वायरींची अदलाबदल झालेली दिसली आणि त्यांचे हात शिवशिवले. दोन मिनिटांत त्यांनी वायरी नीट लावल्या. वर मुलांचं काम वाचवलं म्हणून खूशही झाले. पोरीने वायरी उलट्या ठेवून प्रोग्राममध्येच दिशा उलटी करून घेतली असेल, हे तेव्हा त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

"पुढच्या फेरीत प्रोग्राम मी बघतो," कॅप्टन म्हणाला. "तू सामान सांभाळ."

आज्जीने मोटरचं झाकण उघडलं, आतल्या वायरी पाहिल्या, मग काकांकडे पाहिलं.

काका पुढे झाले. "जरा ऐका रे, मी..."

"काका, नको," ती हळूच म्हणाली. "सगळेच बाद होऊ." मग मोठ्याने, "चुकलं माझं. तपासायचं राहिलं."

काका मागे सरले. त्यांना हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

कॅप्टनने लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. "काका, तुम्हीच बघा ना, कुठे चुकलीय ती?"

आज्जी झाकणाचे स्क्रू आवळत होती. काकांनी उगाच चष्मा पुसला. मग पडद्यावर दिशा उलटी करणाऱ्या वजाच्या चिन्हावर बोट ठेवलं.

"इथे. हे काढ."

दुसऱ्या फेरीत रोबो सुरेख धावला. मुलांनी काकांना गराडा घातला.

"काका, तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं!"

सामानाच्या पेटीजवळ उभी राहून आज्जीही टाळ्या वाजवत होती. काकांनी दोनदा तिकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.