एसोसाच्या जटा

बेनिन शहरातल्या एका हॉटेलात मी आणि एसोसा आठ वर्षं एकत्र वाजवत होतो. गिटार त्याला मीच शिकवली. मग त्याने जटा वाढवल्या, रेगे गायला लागला आणि वर्षभरात त्याची कॅसेट प्रत्येक टॅक्सीत वाजू लागली. माझी बायको इवी तर यामचे कंद सोलतानाही त्याचीच गाणी गुणगुणायची.

"दुसरं काही येत नाही का तुला?" एकदा मी खेकसलो.

"तुम्ही करा ना असं एखादं, तेही म्हणेन," ती हसत म्हणाली.

ते हसू मला झोंबलं. दुसऱ्याच दिवशी मी पोलीस चौकीत जाऊन सांगितलं, की एसोसाच्या घरात गांजा असतो. गांजा काही सापडला नाही, पण चिडलेल्या पोलिसांनी भर रस्त्यात त्याच्या जटा कापल्या.

शनिवारी त्याचा कार्यक्रम होता. मला वाटलं, आता याला कोण विचारतंय! तो तुळतुळीत डोक्याने स्टेजवर आला आणि कापलेल्या जटांवरच नवं गाणं गायला. मैदान अक्षरशः वेडं झालं. पुढच्या आठवड्यात शहरातल्या कितीतरी पोरांनी डोकी तासून घेतली.

नंतर तो माझ्या घरी आला.

"ओदियनदादा, आपल्यातल्याच कुणीतरी चुगली केली बघ. जाऊ दे. तू माझ्या बँडमध्ये येतोस का?"

मी नाही म्हणालो. त्याच्या मागे उभं राहून वाजवणं मला जमलं नसतं. त्याला मात्र वाटलं, दादा मानी आहे. इवीलाही अजून तसंच वाटतं.