आठवड्याची एकवीस जेवणं

मित्रांनो, मी तीन पुडांचा एक जुना स्टीलचा डबा आहे. शेलूबाजारला हायवेच्या कडेला एक जिम आहे, तिच्या खिडकीत सध्या माझा मुक्काम असतो. आज मी इतका खुशीत आहे की माझी झाकणं आपोआप वाजतील की काय असं वाटतं!

मला रूपलाने आठवडी बाजारात घेतलं. दुकानदाराने मशीनने टरटर करत माझ्या झाकणावर रूपलाचं नाव कोरलं आणि मी त्याच्या बंजारा तांड्यावर राहायला आलो. रूपला आणि त्याची बायको धनीबाई दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. मीही जायचो. भाकर, ठेचा आणि कधी तुरीचं घट्ट वरण माझ्या पोटात असायचं. धनीबाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायची. तेव्हा मी बांधावर बसून तिच्याकडे बघत राहायचो. अशा आठ ऊसतोडी मी केल्या.

मग रूपलाचे गुडघे दुखायला लागले आणि दोघांनी घरचीच शेती धरली. मी माळ्यावर गेलो. कुणीतरी माझ्यात गंजके खिळे भरले. मित्रांनो, अन्नासाठी जन्मलेल्या भांड्यात खिळे भरले की काय वाटतं, ते मी सांगत नाही.

चार वर्षांनी मला खाली काढलं ते चंदाने. चंदा ही त्यांची मुलगी. शेलूबाजारात कापडाच्या दुकानात काम करायची आणि सुटी झाली की जिमला जायची. तिथे सुकेशनीताई मुलींना शिकवत. वाशीमला मुलींची शरीरसौष्ठव स्पर्धा होणार होती आणि चंदाने नाव दिलं होतं. तांड्यावरून असं नाव देणारी ती पहिलीच. तिने मला राखेने घासघासून लख्ख केलं.

"याडी, हा डबा आता माहा," ती आईला म्हणाली.

पण मित्रांनो, आनंदाच्या घासात एक खडा लागला. चंदाला मोबाईलवर कुणाचा तरी आहाराचा तक्ता सापडला. भाकर बंद, तेल बंद, गूळ बंद, मीठसुद्धा बंद. सकाळ-संध्याकाळ उकडलेलं चिकन, अंड्याचं पांढरं आणि काकडी. माझ्या तिन्ही पुडांत दवाखान्यासारखा वास कोंडला. पहिले पंधरा दिवस चंदा आरशासमोर नाचायची, कारण दंडावरच्या रेषा दिसू लागल्या होत्या. पुढे गाल बसले. हात गार पडू लागले. गिऱ्हाइकाने दुसरी साडी दाखवा म्हटलं तरी ती खेकसायची.

एकदा धनीबाईने गुपचूप मधल्या पुडात भाकर आणि वरण भरलं. दाराबाहेर पडताच चंदाने मला उघडून पाहिलं आणि सगळं बकरीपुढे रिकामं केलं.

"काहून वं असं?" धनीबाईने विचारलं. "माह्या हातचं अन्न जहर हाय काय?"

"तुले समजत नाई याडी! एक घास खाल्ला का सारी मेहनत वाया जाते!"

बकरीने भाकर संपवेपर्यंत धनीबाई तिथेच उभी राहिली.

त्याच आठवड्यात जिममध्ये खांद्यावर बार घेऊन खाली बसलेली चंदा वर उठलीच नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. बार खाली कोसळला. सुकेशनीताईंनी मागून धरलं नसतं तर मान गेली असती. पाणी पाजून झाल्यावर ताईंनी मला ओढलं आणि माझी तिन्ही पुडं फरशीवर मांडली.

"एवढंच? किती दिवसापासून हे खाऊन राह्यली?"

"दीड महिना. कडक डाएट हाय ताई."

"हे डाएट नोय, उपास हाय. तुह्यं शरीर आता चरबी सोडून दंडच खाऊन राह्यलं! असंच करशील तर मी तुह्यं नाव काढून घेतो."

चंदा रडायला लागली. "मंग कडक म्हंजे किती कडक, ताई?"

"आठवड्यात एकवीस जेवणं असतेत. अठरा ठरवल्यासारखी खाय, तीन घरच्यांसंग. पण ते अठरा दर आठवड्याले, महिनोन्‌महिने. मोजून भाकर, वरण, अंडे, दही, चिकन. तेल चमच्यानं. शेवटचे दोन-तीन आठवडे थोडं आवळू. महिना-दीड महिना जीव काढून कोणाचंच अंग घडत नाई."

त्या दिवशी घरी जाऊन चंदाने मला आईच्या हातात दिलं. "याडी, उद्यापासून तूच भर," एवढंच म्हणाली. धनीबाईने पदराने आधी माझं झाकण पुसलं, मग डोळे.

मग काय दिवस आले, मित्रांनो! खालच्या पुडात भाकर, मधल्यात तुरीचं वरण नाहीतर सोयाबीनच्या वड्या, वरती अंडी. रविवारी चंदा आई-बापासोबत पोटभर जेवायची. बार हलका वाटू लागला. गाल भरले आणि तरीही पाठीवर वेलीसारख्या रेषा उमटल्या!

वाशीमच्या स्टेजवर अकरा मुली होत्या. मी धनीबाईच्या मांडीवर होतो आणि तिने मला इतकं दाबून धरलं होतं की कडी निघायचीच बाकी राहिली. चंदाने दोन्ही दंड वर करून पाठ वळवली तेव्हा मागची माणसं खुर्च्यांवर चढली. माइकवर पुकारा झाला, "तिसरा क्रमांक, चंदा!" धनीबाई ओरडली, "माही पोरगी हाय हे! वरणभाकर खाणारी!" सगळा मांडव हसला आणि टाळ्या थांबेनात.

आणि आजची गंमत ऐका. आज संध्याकाळी धनीबाई मला घेऊन चंदासोबत जिमला आली. सुकेशनीताईंनी थट्टेने म्हटलं, "मावशी, बार उचलून पाह्यता काय?" धनीबाईने पदर कमरेला खोचला, बार जमिनीवरून उचलला आणि सरळ उभी राहिली. ताईंनी वजन वाढवलं. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा वाढवलं, तेव्हा व्यायाम सोडून सगळ्या मुली गोळा झाल्या. तोही उचलून धनीबाई म्हणाली, "बस, एवढंच हाय तुमच्यापाशी?"

मित्रांनो, अंग घडवायचं असेल तर खुशाल नियम पाळा, रोज पाळा. पण भुकेशी वैर धरू नका आणि प्रेमाने रांधलेल्या घासाला शत्रू समजू नका. आणि हो, डबा परत आणताना घासून आणा. उद्यापासून धनीबाईही जिमला येणार, मला दोघींचं जेवण न्यायचं आहे!